रस्त्याची दोन टोकं

आषाढी एकादशीच्या रात्री २ वाजून १४ मिनिटांनी गाडीचा मोबाइल वाजला. पुण्याहून निरोप होता : पुरुष, वय पासष्टच्या आसपास, हलवून उठत नाही, श्वास चालू आहे, मोठ्यानं घोरतोय. मागोमाग तालुका, गाव आणि वाडीचं नाव. २.१६ ला आम्ही ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडलो. दक्षिण रायगडातला आषाढ, वायपर जोरात चालवूनही काचेपलीकडचं धड दिसत नव्हतं. तरी २.३९ ला गावाच्या फाट्यावर होतो. १७ किलोमीटर, २३ मिनिटं. आणि त्या आजोबांच्या मनगटावर मी बोटं ठेवली तेव्हा ३.०२ झाले होते. फाट्यापासून त्यांच्या अंथरुणापर्यंतचं अंतर किलोमीटरभरही नसेल, पण त्यालाही २३ मिनिटंच लागली.

१०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला तेव्हा तीन महिने झाले होते. तोवर माझ्या मनातलं या कामाचं चित्र रस्त्याचंच होतं : सायरन, बाजूला होणाऱ्या गाड्या, घाटातली वळणं. त्या रात्रीनंतर मी पाळी संपली की केस पेपरवरच्या वेळा मांडून बघायला लागले. कॉल कधी आला, गाडी कधी हलली, रुग्ण कधी सापडला, गाडीत कधी आला, रुग्णालयाच्या दारात कधी पोचलो, खाटेवर कधी गेला. वेळा लिहाव्याच लागतात, पण त्यांची वजाबाकी आपण होऊन करावी लागते. ती केली की कळतं, चाकं फिरत असताना जाणारा वेळ बहुतेकदा जायचाच असतो. जास्तीचा वेळ जातो रस्त्याच्या दोन टोकांना. एक टोक तुमच्या घराकडचं, दुसरं कॅज्युअल्टीच्या दारातलं. ही दोन टोकं कशी चालतात ते सांगते, कारण पहिल्या टोकावर आमच्यापेक्षा तुमचा हात जास्त आहे.

आधी थोडं गाडीबद्दल. १०८ हा क्रमांक देशात पहिल्यांदा २००५ च्या स्वातंत्र्यदिनी हैदराबादेत सुरू झाला. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला आली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाचा मॉनिटर असलेल्या, आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. सेवा मोफत. बऱ्याच राज्यांत गाडीत मागे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ बसतो. आपल्याकडे डॉक्टर बसतो. आमच्यातले पुष्कळजण माझ्यासारखे बीएएमएस आहेत. गाडी चालवणाऱ्याला आमच्यात पायलट म्हणतात. माझे पायलट पन्नाशीचे आहेत, दहा वर्षं याच तालुक्यात गाडी चालवतात. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना काका म्हणते.

पाळी बारा तासांची. सुरुवात गाडी तपासण्यानं होते, आणि या अर्ध्या तासाबद्दल मला मुद्दाम लिहायचंय, कारण बाहेरून बघणाऱ्याला तो रिकामा वेळ वाटतो. सक्शन मशीन चालू करून नळीच्या टोकावर बोट ठेवायचं. बोट ओढलं गेलं पाहिजे. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघायचा. प्रसूतीच्या किटमधला नाळेचा चिमटा जागेवर आहे का, खात्री करायची. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट आहे ना, हे पावसाळ्यात दोनदा बघायचं, कारण दमट हवा लागलेली पट्टी खोटा आकडा दाखवते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऑक्सिजनचा काटा. बी टाइपचा सिलिंडर पूर्ण भरलेला असला की त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. मोठी पिशवी असलेला मास्क लावून १५ लिटर सोडला तर अर्धा सिलिंडर ५० मिनिटांत संपतो. आमच्याकडून जिल्हा रुग्णालय अलिबागला, दोन तासांहून जास्त लांब. म्हणून ‘अर्धा आहे, चालेल’ हे वाक्य आमच्या गाडीत कुणी बोलत नाही. काटा बघायचा, मिनिटं काढायची, आणि ती रस्त्याच्या मिनिटांशी ताडून बघायची. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मला हे गणित कागदावर करावं लागायचं. आता काट्याकडे बघितलं की मिनिटंच दिसतात.

आता फोन. महाराष्ट्रात कुठूनही १०८ लावला, गडचिरोलीहून लावा नाहीतर दोडामार्गाहून, तो पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या केंद्रात वाजतो. तिथला माणूस पहिल्यांदा जिल्हा विचारतो, मग तालुका, मग गाव. इथेच लोक चिडतात. ‘इथे माणूस जायला आलाय आणि तुम्ही तालुका काय विचारता!’ मला ते चिडणं समजतं. पण फोन मध्येच तुटला तर हाती काय राहावं, याचा विचार करूनच तो क्रम ठेवलेला आहे. आजार कळला आणि जागा कळली नाही, तर गाडी सुटणार कुठे? जागा कळली आणि आजार कळला नाही, तरी गाडी सुटते. शिवाय एकाच नावाची गावं शेजारच्या दोन तालुक्यांत असतात, आणि कोकणात तर एका गावाच्या दहा वाड्या दहा डोंगरांवर.

जागा समजली की पडद्यावर जवळची मोकळी गाडी शोधली जाते. जवळची आणि मोकळी, या दोन्ही अटी. तुमच्या गावाशेजारची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असेल तर पलीकडच्या तालुक्यातली निघते. मग निरोप आम्हाला येतो, आणि गाडी चालू होताच मी तुम्हाला उलटा फोन करते. हा फोन लागणं फार गरजेचं असतं. आणि नेमका तेव्हा तो व्यस्त लागतो, कारण घरचे मुंबईच्या भावाला, पुण्याच्या मेहुण्याला कळवत असतात. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा; १०८ ला लावलेला फोन मोकळा ठेवा.

त्या रात्री फोन लागला. मुलगा बोलत होता. मागून घोरण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता : दर श्वासाला खर्र करून अडकणारा, मग सुटणारा. बेशुद्ध माणसाचं घोरणं ही झोप नसते. जिभेचे स्नायू सैल पडले की जीभ मागे जाते आणि घशाच्या वाटेत आडवी येते. हवा तिच्या फटीतून जाते तेव्हा तो आवाज येतो. मी म्हटलं, ‘दादा, फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवा. बाबांना डाव्या कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात दुमडा. तोंड जरा खाली कलू दे.’ धडपड ऐकू आली, कुणीतरी ‘हळू रं’ म्हणालं, आणि मग खर्र थांबली. साधा, लांब श्वास यायला लागला. गाडी तेव्हा रुग्णालयापासून तीन किलोमीटरवर असेल. ‘तोंडात काही घालू नका,’ हे सांगून झालं, आणि वळणावर रेंज गेली. फाट्यावर रेंज परत आली तेव्हा मुलाच्या फोनची बॅटरी संपलेली होती.

तिथून पुढची २३ मिनिटं अशी. आधी वरच्या वाडीत गेलो. त्याच नावाची खालची वाडी निघाली. परत फिरायला जागा नव्हती, काकांनी गाडी अंधारात दोनशे मीटर उलटी घेतली. सगळी घरं सारखीच अंधारात, कारण वीज गेलेली. सायरन दोन-तीनदा वाजवला, पण पत्र्यावरच्या पावसात तो कुणाला ऐकू जातोय! शेवटी एका घराच्या पडवीत कंदील दिसला, तिथल्या आजींनी हातानं दिशा दाखवली. वाडीच्या तोंडाशी साकव होता, माणसं जाण्यापुरता. गाडी अलीकडे लावून काकांनी सिलिंडर आणि स्ट्रेचर घेतलं, मी औषधांची बॅग आणि सक्शन, आणि आम्ही चिखलातून निघालो.

दारात पोचल्यावर मी थांबते. सुरुवातीला मी धावत आत शिरायचे. काकांनी मला थांबायला शिकवलं. उंबऱ्यावर एक मोठा श्वास घ्यायचा आणि आत बघायचं : वायर तुटलेली आहे का, भांडण चालू आहे का, कुत्रा मोकळा आहे का, जमिनीवर औषधाची बाटली किंवा रक्त आहे का, माणूस कुठल्या बाजूला पडलाय, त्याच्या उशाशी काय आहे. दहा सेकंदं जातात. आत गेल्यावर दहाजण एकदम बोलायला लागतात आणि मग बघणं होत नाही.

आत म्हातारे आजोबा डाव्या कुशीवर, मुलानं वळवले होते तसेच. गळ्यात तुळशीची माळ. बाजूला टाळ ठेवलेले. खोलीतल्या चार माणसांची चार मतं होती. वारं गेलं, म्हणजे लकवा मारला. उपासानं पित्त चढलं. बाहेरचं काहीतरी आहे. आणि एका शेजाऱ्यानं, हळूच, की हल्ली ते थोडी घेतात.

कुणाचंही मत ऐकण्याआधी करायचा क्रम ठरलेला आहे. हाक मारून बघायची, खांदा हलवायचा, उत्तर नसेल तर छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी दाबायचं. मग श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास किती आणि कसा आहे, नाडी कशी लागते, कुठून रक्त जातंय का. याच क्रमानं, कारण माणूस याच क्रमानं लवकर जातो : वाट बंद झाली तर काही मिनिटांत, श्वास अपुरा असेल तर त्याहून थोडा सावकाश. आजोबांची नाडी जलद होती. आणि हात लावल्याबरोबर जाणवलं ते म्हणजे ओल. बंडी पिळून काढावी इतकी भिजलेली, उशीही ओली. खोलीत गारवा होता, बाकी कुणाच्या कपाळावर घाम नव्हता.

बेशुद्ध माणूस दिसला की साखर बघायचीच, कारण मेंदूला स्वतःजवळ साखर साठवता येत नाही; रक्तातून येईल तेवढ्यावर तो चालतो. ती खूप खाली गेली की माणूस बरळतो, चिडतो, अडखळत चालतो, दारू प्यायल्यासारखा दिसतो. कधी एक हात-पाय लुळा पडतो आणि हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. ७० च्या खाली साखर कमी मानतात, ५४ च्या खाली धोक्याची. मशीनवर आकडा आला ३१.

‘बाबांना मधुमेह आहे?’

‘हां, गोळी चालू आहे,’ सूनबाई म्हणाल्या. ‘आज एकादशी म्हणून काय खाल्लं नाही. चहा तेवढा घेतला. पण गोळी चुकवली नाही हो, सकाळ-संध्याकाळ दोन्ही मी स्वतः दिल्या.’

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी जे नेटानं केलं होतं तेच उलटलं होतं. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पोटात अन्न आहे की नाही हे त्या बघत नाहीत. ज्या घरात अशी गोळी चालू आहे तिथे उपासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा की गोळी घ्यायची का, किती घ्यायची. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र, रमजान, कुठलाही उपास असो.

शीर शोधायला वेळ लागला. थंड, सुरकुतलेल्या हातावर शीर दिसते पण सुई लावली की बाजूला सरकते. सूनबाईंनी बॅटरी धरली होती आणि ती हलत होती. मी त्यांना कोपर गुडघ्यावर टेकवायला सांगितलं, उजेड स्थिर झाला. सुई बसल्यावर आधी साधं सलाइन सोडून बघितलं की आजूबाजूची कातडी फुगत नाही ना. २५ टक्क्यांचं साखरेचं द्रावण दाट असतं. शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. मग ते सावकाश, हाताखाली नाडी धरून. पाचेक मिनिटांनी उजव्या हाताची बोटं हलली. मग भुवया. मग डोळे उघडले आणि आजोबांनी खोलीभर बघितलं.

‘भजन उठलं काय रं?’

३.२० झाले होते. साखर १४८.

आणि इथून या पहिल्या टोकाचा अवघड भाग सुरू झाला, कारण आता कुणालाच रुग्णालयात जायचं नव्हतं. बोलतायत, बसतायत, चहा मागतायत; कशाला न्यायचं? मी सांगितलं की सुईतून दिलेली साखर तासाभरात वापरली जाईल, गोळी मात्र अंगात उद्यापर्यंत राहील, आणि या वयात मूत्रपिंडं मंद झालेली असली तर त्याहून जास्त. पहाटे सगळे गाढ झोपेत असताना ते पुन्हा घोरायला लागतील. हे ऐकल्यावर सूनबाईच उठल्या आणि त्यांनी पिशवी भरली.

आजोबांना चालायचं होतं. चालू दिलं नाही. आमचं स्ट्रेचर मधोमध उघडून दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येतं. पट्टे बांधून चौघांनी उचललं. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या बाजूला राहतं. सगळ्यांनी एकदम उचलायचं आणि एकच माणूस ‘उचल’ म्हणेल, बाकी कुणी नाही. साकवावर एकावेळी दोघंच मावत होते, म्हणून तिथे स्ट्रेचर टेकवून माणसं बदलली. गाडीत पोचायला ३.४१ झाले.

गाडीत रुग्ण आल्यावर काका जोरात हाणत नाहीत, आणि नातेवाइकांना ते खटकतं. खड्ड्यात गाडी आदळली की सुई निसटते, मोडलेलं हाड हलतं, उलटी होते, आणि छाती दाबायची वेळ आली तर मला उभंही राहता येत नाही. पाच मिनिटं वाचवून ते सगळं गमावण्यात अर्थ नसतो. दुसरा आग्रह असतो रुग्णालयाचा : अमुक ठिकाणीच न्या. आम्ही जवळच्या अशा ठिकाणी नेतो जिथे त्या आजाराचा इलाज होईल. त्या रात्री ते ३८ मिनिटांवर होतं. वाटेत, सलाइनमधून साखर चालू असूनही, ३.५० ला आकडा १०४ झाला, ४.१५ ला ८२. मी दोन्ही वेळा मशीन मुलाकडे वळवून दाखवलं. तो काही बोलला नाही, त्यानं वडिलांचा पाय धरला आणि रुग्णालय येईपर्यंत सोडला नाही.

४.१९ ला दारात पोचलो. आजोबा खाटेवर गेले ४.५२ ला.

हे दुसरं टोक. खाट रिकामी नव्हती, आमचं स्ट्रेचर व्हरांड्यात, आणि स्ट्रेचर अडकलं म्हणजे गाडी अडकली. त्या ३३ मिनिटांत तालुक्यातून दुसरा कॉल आला असता तर आमच्या नावापुढे ‘मोकळी नाही’ दिसलं असतं. मला राग आला होता. मग आत डोकावले तर एकट्या सिस्टर, दोन सर्पदंश आणि एक बाळंतीण. राग कुणावर धरायचा ते कळेना. त्यानंतर मी दोन गोष्टी करायला लागले. गाडी निघतानाच रुग्णालयाला फोन करून सांगते : वय, काय झालंय, काय दिलंय, किती मिनिटांत येतोय. आणि चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडून त्यावर पेननं वेळा आणि आकडे लिहून तो रुग्णाच्या चादरीवर छातीपाशी चिकटवते. त्या रात्री लिहिली असती तर ती अशी झाली असती : ‘३.०२ : ३१. ३.२० : १४८. ३.५० : १०४. ४.१५ : ८२.’ कागद हरवतात. ती पट्टी वॉर्डापर्यंत जाते, आणि डॉक्टरांना मला शोधत बसावं लागत नाही.

त्या रात्रीच्या वेळांची बेरीज : एकूण १५८ मिनिटं. त्यांतली रस्त्यावर चाकं फिरण्याची ६१. उपचाराची २२. वाडी शोधून अंथरुणापर्यंत पोचणं, उचलून आणणं आणि व्हरांड्यात थांबणं यांत ७३ गेली, आणि निघायला २.

सर्पदंशाचा उल्लेख आला म्हणून सांगते, कारण आमच्याकडे पावसाळा म्हणजे तोच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. मुंबईची हाफकिन संस्था ते पिढ्यान् पिढ्या बनवत आली आहे. म्हणून साप ओळखण्यासाठी, मारून पिशवीत आणण्यासाठी थांबू नका. दोरी आवळू नका. रक्त थांबल्यानं हात-पाय जातो आणि विष थांबत नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला भाग फळकुटानं मोडलेल्या हाडासारखा बांधा आणि त्या माणसाला चालवू नका. रुग्णालयात एका काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलेलं आहे. मण्यारीची गोष्ट वेगळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही. जमिनीवर झोपणाऱ्या घरात अशी सकाळ झाली तर पित्ताची गोळी देऊन वाट बघू नका.

विंचवाबद्दल आमच्या भागात लोक अजूनही ‘महाडचे डॉक्टर’ म्हणतात. डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्या लाल विंचवाचा दंश झालेली मुलं जवळून, रात्र-रात्र बसून पाहिली आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दरदरून घाम आणि थंडगार पडलेले हात-पाय हे दंशानंतर दिसलं की विष अंगात पसरलंय असं समजायचं, ठणका कितीही असो. मी गाडीत दंशाचा रुग्ण घेतला की त्याच्या हातांपेक्षा पावलं आधी चाचपते.

एक प्रसंग असाही असतो जिथे पहिल्या टोकावर आम्ही जवळजवळ निरुपयोगी असतो. हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आम्ही वीस-तीस मिनिटांनी येणार. मधल्या वेळात रुग्णाच्या मेंदूला रक्त पोचवणारा कुणी असेल तर तो घरातलाच. हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही किंवा मासा तडफडतो तसे तुटक आचके येतायत, तर थांबू नका. कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा तळहात ठेवा, कोपरं ताठ, आणि दाबा : दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्यानं घ्यायचं, मध्ये खंड नको. बरगडी मोडल्याचा आवाज येईल. तरी दाबत राहा. एका घरात आम्ही पोचलो तेव्हा आठवीतली मुलगी आजीची छाती दाबत होती. शाळेत शिकवलं होतं, म्हणाली. केस घामानं कपाळाला चिकटलेले. मी बाजूला बसून हात घातला तरी ती मोजत राहिली, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आजी वाचल्या नाहीत. मी त्या मुलीला तिथेच सांगितलं की तू बरोबर जागी, बरोबर जोरानं दाबत होतीस. तिच्यापुढे मोठं आयुष्य आहे आणि त्यात तिला ते माहीत असायला हवं असं मला वाटलं.

महामार्गावरचं टोक वेगळं, पण तिथेही थांबणाऱ्यांची भीती एकच असते : पोलीस. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आणि मग २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं, कलम १३४-अ नुसार, मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं आहे. नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही. फोन करताना महामार्गाच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि गाडी कुठल्या दिशेनं जात होती एवढं सांगा. आणि जखमीला रिक्षात मुडपून घालू नका, मान सरळ राहू द्या. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला त्याच दुरुस्तीनं १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. घाटात मात्र लोक वाट देतात, हा माझा अनुभव. एसटीचे चालक तर वळणाआधीच हात बाहेर काढून मागच्यांना थोपवतात.

घराकडे परत येते. आम्हाला बोलावलंत आणि वाट बघायची आहे, तर त्या वेळात करण्यासारखं पुष्कळ आहे. एकाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा. तो गाडीच्या पुढे धावत आला तरी चालेल. दार ते रस्ता या वाटेतली मोटारसायकल, लाकडं, खाट बाजूला करा. कुत्रा बांधा. चालू असलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत घाला. आधार कार्ड आणि जुने कागद त्याच पिशवीत. कुणी बरोबर येणार ते ठरवा, शक्यतो ज्याला औषधांची माहिती आहे तो.

भाद्रपदात त्याच वाडीतून पुन्हा कॉल आला. या वेळी पहिलटकरीण, कळा सुरू. रात्रीचे पावणेबारा, पाऊस तसाच. फाट्यावर काकांनी गाडी हळू केली आणि काचेतून बोट दाखवलं. खालच्या वाडीकडे वळणाऱ्या दगडाला कुणीतरी चुना फासला होता. हेडलाइट पडला की लख्ख दिसत होता. पुढच्या वळणावर आंब्याच्या खोडाला चुन्याचा पट्टा, साकवाच्या दोन्ही कठड्यांना पट्टे. साकवाशी तो मुलगा बॅटरी घेऊन उभा होता, आजोबांचा मुलगा. ‘सरळ या मॅडम, वाटेत काय नाही, सगळं उचललंय,’ म्हणाला आणि माझ्या हातातली बॅग घेऊन पुढे धावत सुटला. फाट्यापासून घरापर्यंत ६ मिनिटं लागली.